पावडर, पेनकिलर आणि १.६६: क्रिएटिनिनच्या एका रिपोर्टचा हिशेब

रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ, डेसिलिटरला १.६६ मिलिग्रॅम होतं. शेजारी नेहमीची मर्यादा, ०.७ ते १.३. खाली संगणकानं काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ५९ आणि त्याखाली ठळक अक्षरात एक ओळ: मूत्रपिंडविकार, टप्पा ३-अ. हा रिपोर्ट तेवीस वर्षांच्या, ७६ किलो वजनाच्या, रोज पहाटे पाचला मैदानावर हजर असणाऱ्या मुलाचा होता. मूळ बीड जिल्ह्यातल्या एका गावचा, पण पोलीस भरतीसाठी लातूरला तिघांत एक खोली करून राहिलेला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तपासण्यांचा क्रम आणि त्यामागचा विचार आहे तसाच ठेवला आहे.)

त्याच्या घरात क्रिएटिनिन या शब्दाची दहशत आधीपासून होती. सख्ख्या चुलत्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू. त्यामुळे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर घरी गेला आणि तासाभरात वडील एसटीत बसले. कुणीतरी जडीबुटीवाल्याचा नंबर पाठवला होता, कुणी पावडर फेकून दे म्हणालं होतं. त्यानं पावडर बंद केली आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या एका लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. क्रिएटिनिन १.५२ आलं. पावडर बंद करूनही आकडा मर्यादेत येत नाही म्हणजे किडनीच गेली, असा निष्कर्ष घरच्यांनी काढला आणि दोन्ही कागद घेऊन बापलेक आमच्याकडे आले.

मी लातूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट्री बघतो. आमचं काम नळीतलं रक्त मोजायचं, पेशंटला सल्ला द्यायचा नाही. पण ही केस लिहून ठेवावीशी वाटली, कारण एखादं सप्लिमेंट पोटात गेल्यावर शरीर त्याचं नेमकं काय करतं, हे इतक्या स्वच्छपणे आकड्यांत उतरलेलं क्वचित बघायला मिळतं. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता, त्याच्या आड खरा गुन्हेगार लपून बसला होता, हेही एक कारण.

चौकशी

पावडर म्हणजे क्रिएटिन मोनोहायड्रेट. जिममधल्या ट्रेनरनं सांगितल्याप्रमाणे पहिला आठवडा रोज २० ग्रॅम आणि नंतर रोज १० ग्रॅम, असं चार महिने. एक लिटरच्या बाटलीत पावडर, दोन लिंबं, मीठ, साखर घालून पहाटे कालवायची आणि मैदानावर उन्हात घोट-घोट प्यायची. सोबत व्हे प्रोटीन. रविवारी मटण.

पहिलं रक्त कधी दिलं, हे विचारल्यावर पुष्कळ उलगडलं. सोमवारी सकाळी, मैदान करून थेट लॅबमध्ये. आदल्या रात्री मटण. मे महिना, बेचाळीसच्या आसपास तापमान. पायाच्या नळीचं हाड दुखत होतं, म्हणून गोळ्या चालू होत्या.

"कसल्या गोळ्या?"

"दुखायच्या हो सर. डायक्लोफिनॅक. मेडिकलवाला देतो की. सकाळ-संध्याकाळ खायलालोय, महिना झाला असंल."

हे त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या लॅबच्या पावतीवर फक्त नाव, वय आणि पैसे होते. दुसऱ्या ठिकाणीही तेच.

वडील गाडी बाजूला लावायला बाहेर गेले, तेव्हा त्यानं आवाज खाली करून आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या रिपोर्टनंतर त्यानं पावडर पुन्हा सुरू केली होती. मैदानी चाचणी तोंडावर होती आणि ती ५० गुणांची असते: १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. सव्वासात किलोचा गोळा पावडर सोडल्यावर अर्धा मीटर अलीकडे पडतो, असं त्याचं म्हणणं. खरंखोटं मी मोजलेलं नाही, पण म्हणण्यात तथ्य असू शकतं. क्रिएटिनचा उपयोग होतो तो काही सेकंदांच्या झटक्याच्या कामाला. गोळा आणि शंभर मीटर त्यात बसतात, सोळाशे मीटर फारसं बसत नाही.

पोटात गेल्यावर काय होतं

क्रिएटिन हा काही परका पदार्थ नाही. १८३२ मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तो मांसात शोधला. आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतःच तयार करतं. त्याची पहिली पायरी मुख्यतः मूत्रपिंडात होते आणि दुसरी यकृतात. मांसाहार करणाऱ्याला आणखी थोडं ताटातून मिळतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात याचा साठा १२० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यातला ९५ टक्के स्नायूंत.

या साठ्यातला रोज १.७ टक्क्याच्या आसपास भाग आपोआप क्रिएटिनिन बनतो. इथे कुठलं एन्झाइम लागत नाही. रेणूतलं पाणी निघून जातं, वलय बंद होतं, की झालं. क्रिएटिनिनचा शरीराला काही उपयोग नाही, त्यामुळे ते रक्तातून मूत्रपिंडाकडे आणि तिथून बाहेर जातं. १२० ग्रॅमचे १.७ टक्के म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम. निरोगी माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीत जे सापडतं, ते हेच.

आता साठाच वाढला तर? १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी स्नायूचे तुकडे काढून तपासले आणि तोंडावाटे घेतलेलं क्रिएटिन खरोखर स्नायूत जाऊन बसतं हे दाखवून दिलं. साठा साधारण पाचव्या हिश्शानं वाढू शकतो. मग रोज तयार होणारं क्रिएटिनिनही त्याच प्रमाणात वाढणार आणि मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी रक्तातली पातळी वर जाणार. हौदातलं पाणी वाढलं म्हणून मोरी तुंबलीच असं नाही, नळही जोरात सुटलेला असू शकतो. एकट्या क्रिएटिनिनच्या आकड्याकडे बघून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. ईजीएफआरचं सूत्र मात्र नळ सगळ्यांचा वय आणि लिंगानुसार ठरावीकच आहे असं गृहीत धरून चालतं. म्हणून ते ५९ सांगून मोकळं झालं.

आणि 'टप्पा ३-अ' ही ओळ तर छापायलाच नको होती. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो. एका सोमवारच्या एका नळीवरून संगणकानं तो निकाल दिला, आणि ती ओळ पुसण्याची तसदी सहीवाल्यानं घेतली नाही.

पाच दिवसांनी केलेल्या तपासणीचंही असंच. स्नायूत भरलेलं क्रिएटिन पावडर थांबवल्यावर हळूहळू उतरतं आणि पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना लागतो. पाचव्या दिवशी साठा जवळपास तेवढाच असणार. ती तपासणी करणाऱ्यांचा उद्देश चांगला होता, पण तिनं फक्त भीती पक्की केली.

नळ आणि मोरी वेगळे मोजताना

मुलाला आधी मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तदाब १२२/७६, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं नेहमीच्या आकाराची, पायावर सूज नाही. त्यांच्याशी बोलून असं ठरलं की डायक्लोफिनॅक आजपासून बंद आणि दोन आठवड्यांनी मोजणी. पावडर तो घेतच होता, म्हणून आहे त्याच मात्रेवर पहिली मोजणी करायची, मग सहा आठवडे पूर्ण बंद आणि पुन्हा तीच मोजणी. मोजणीआधी तीन दिवस मटण-चिकन नाही, दोन दिवस मैदान नाही, पाणी नेहमीसारखं.

सहा आठवडे बंद म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. वडिलांनी एवढंच विचारलं, "साहेब, वर्दी पायजे का डायलिसिस?" त्यावर वाद झाला नाही.

पहिली तपासणी सिस्टॅटिन-सी. हे लहानसं प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी साधारण ठरावीक वेगानं बनवतात. ते मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि स्नायू किती, मटण किती, पावडर किती, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. मात्र थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइडची औषधं, मोठी सूज किंवा लठ्ठपणा असला तर तेही फसवतं. म्हणून थायरॉइडसाठी टीएसएच बघितला, तो ठीक होता. जिमच्या मुलांना इंजेक्शनांबद्दल खोदून विचारावं लागतं, तेही विचारलं. ही तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना बर्फात घालून बाहेर जातो आणि क्रिएटिनिनच्या कितीतरी पट पैसे लागतात. त्यामुळे ती सरसकट सगळ्यांना सांगावी अशी नाही. इथे गरज होती.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रिएटिनिन मोजायची पद्धत. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या लॅबमध्ये अजून जाफे पद्धत चालते. मॅक्स जाफेनं १८८६ मध्ये दाखवलेली ती क्रिया: अल्कलीत पिक्रिक आम्ल, क्रिएटिनिनशी जमलं की नारिंगी रंग. स्वस्त आहे, पण रंग एकट्या क्रिएटिनिनचाच येतो असं नाही. रक्तातली प्रथिनं, जास्त साखर, उपाशीपोटी तयार होणारे कीटोन, काही अँटिबायोटिक्स हेही थोडा हात लावतात. दुसरी एन्झाइमची पद्धत जास्त नेमकी, पण या केसमध्ये तिचीही एक गंमत आहे. त्या पद्धतीत क्रिएटिनिनचं आधी क्रिएटिन करतात, मग त्याचं सार्कोसिन, आणि शेवटी निघणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडवरून रंग मोजतात. म्हणजे वाटेत क्रिएटिन लागतंच! रक्तात मुळातलं क्रिएटिन असेल तर तेही मोजलं जाऊ नये, म्हणून पहिल्या अभिकर्मकातच ते संपवून टाकायची सोय असते. साध्या माणसात ती पुरते. दहा ग्रॅम पावडर पिऊन तासाभरात आलेल्या माणसात, जेव्हा रक्तातलं क्रिएटिन शिखरावर असतं, तेव्हा ती पुरेलच यावर मी पैज लावणार नाही. म्हणून आदल्या दिवशीची बाटली संपल्यावर वीस तासांनी, उपाशीपोटी रक्त घेतलं आणि एकाच नमुन्यावर दोन्ही पद्धती चालवल्या.

जाफेनं १.४५ आलं, एन्झाइमनं १.३६.

पावडर चालूच होती, तीही तेवढीच. तरी आकडा १.६६ वरून १.३६ वर आला. म्हणजे पहिल्या रिपोर्टमधला ०.३० चा उंचवटा पावडरचा नव्हताच. तो मटणाचा, घामाचा, पद्धतीचा आणि गोळ्यांचा होता. मांस शिजताना त्यातल्या काही क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, ते खाल्ल्यावर काही तास थेट रक्तात दिसतं. चौघांत कुणाचा वाटा किती, हे आता सांगता येणार नाही. पण त्यातला गोळ्यांचा वाटा वेगळ्या जातीचा आहे. बाकीचे आकडा फुगवतात. डायक्लोफिनॅकसारखी औषधं खुद्द गाळणीलाच हात घालतात. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे जाणारी बारीक धमनी उघडी राहावी म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं, आणि ही औषधं नेमकं तेच थांबवतात. उन्हात घाम गाळणाऱ्या मुलानं महिनाभर दोन वेळा ती गोळी घेणं ही या फाइलमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट होती. घरच्यांचा राग पावडरीच्या डब्यावर निघाला आणि गोळ्यांचं पाकीट खिशात तसंच राहिलं.

त्याच रक्तातलं सिस्टॅटिन-सी ०.८२ आलं. त्यावरून ईजीएफआर ११७ निघतो. क्रिएटिनिन १.३६ वरून तोच ७५ निघतो. एकच माणूस, एकच नळी, आणि ४२ चा फरक. मूत्रपिंडं दोन वेगवेगळ्या वेगानं चालत नाहीत, तेव्हा दोन मोजपट्ट्यांपैकी एक वाकडी होती हे उघड होतं.

चोवीस तासांचा कॅन

इथवर थांबलं असतं तरी मुलाला घरी पाठवता आलं असतं. पण मूत्रपिंडतज्ज्ञांना क्लिअरन्स (मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्तद्रव क्रिएटिनिनपासून साफ करतात तो आकडा) हवा होता आणि मला हिशेब. त्यासाठी चोवीस तासांची लघवी लागते.

ऐकायला सोपं, करायला किचकट काम आहे हे. आमच्याकडे तयार ठेवलेल्या कॅनमध्ये कॅल्शियम वगैरेच्या तपासणीसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं असतं. तो कॅन इथे चालत नाही, कारण आम्लात क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि मग शरीरानं काय केलं आणि कॅननं काय केलं हे कळायला मार्ग उरत नाही. आम्लाशिवाय ठेवावं तर उन्हाळ्यात जंतू वाढतात आणि ते दोन्ही खाऊन टाकतात. उरला थंडावा. तिघांच्या खोलीत फ्रिज कुठला? त्यानं माठाशेजारी थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून कॅन ठेवला आणि वर ओलं पोतं टाकलं. खालच्या रसवंतीवाल्याकडून दिवसातून दोनदा बर्फ. कॅन आला तेव्हा हाताला गार लागत होता.

संकलन पूर्ण झालं का हे एरवी आम्ही क्रिएटिनिनवरूनच ओळखतो: वजनाच्या मानानं कमी निघालं तर कुठेतरी सांडलं किंवा चुकलं. इथे क्रिएटिनिनच अज्ञात, त्यामुळे ती खूण निकामी. म्हणून लागोपाठ दोन दिवस वेगवेगळे कॅन भरायला लावले. दोन्हींतले आकडे एकमेकांच्या जवळ आले, त्यांची सरासरी धरली.

दिवसाला क्रिएटिनिन २.५५ ग्रॅम. न बदललेलं क्रिएटिन ६.१ ग्रॅम. हे दुसरं मोजायला टँडम मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. जन्मजात चयापचय-विकार असलेल्या बाळांसाठी मोठ्या शहरातल्या काही प्रयोगशाळा ही तपासणी करतात, आम्ही तिथेच नमुना पाठवला. बाळांच्या यादीत तेवीस वर्षांचा भरतीवाला बघून तिकडून फोन आला होता, वय लिहिताना चूक झाली का म्हणून.

आता हिशेब मांडू. १० ग्रॅम मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा रेणू वजा जाता क्रिएटिन ८.८ ग्रॅम असतं. ही जमा. त्या दिवसांत मांस नव्हतं, त्यामुळे ताटातून जवळपास काही नाही. खर्चाच्या बाजूला ६.१ ग्रॅम तसंच बाहेर आलेलं, आणि २.५५ ग्रॅम क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिनच्या भाषेत २.९६. बेरीज ९.०६. जमेपेक्षा खर्च पाव ग्रॅमनं जास्त. हा पाव ग्रॅम शरीरानं स्वतः बनवलेला मानावा लागेल. एरवी ते दिवसाला ग्रॅमभर बनवतं, पण बाहेरून भरपूर येत असलं की आतला कारखाना मंदावतो. त्याच्या रक्तात या कारखान्याचा अर्धवट माल, ग्वानिडिनोअॅसिटेट, कमी आढळला, ते याच्याशी जुळतं. पाव ग्रॅमचा आकडा मात्र फार ताणू नये. तीन वेगळ्या मोजण्यांच्या चुका त्यात मिसळलेल्या आहेत आणि हिशेब इतका जवळ बसला यात थोडं नशीबही आहे.

पण ६.१ चा अर्थ ताणायची गरजच नाही. डब्यातल्या प्रत्येक दहा रुपयांतले सात रुपये तो रोज मोरीत ओतत होता. स्नायू भरले की भरले, वरचं सगळं वाहून जातं. हे मुलाला सांगितलं तेव्हा किडनीच्या बातमीपेक्षा याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. डबा उसनवारीवर घेतला होता.

लिंबाच्या बाटलीचंही बघितलं. बाटलीतलं उरलेलं पाणी दुपारी लॅबमध्ये मागवलं आणि त्यातलं क्रिएटिनिन मोजलं. बाटलीभरात साधारण ०.१ ग्रॅम निघालं. कोरडी पावडर विरघळवून लगेच मोजली तेव्हा नगण्य होतं. म्हणजे डबा बरा होता. आंबट पाणी आणि ऊन मिळून थोडं क्रिएटिनिन पोटात जायच्या आधीच तयार होत होतं.

अल्ब्युमिनच्या तपासणीत एक बारकावा होता. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, गाळणी बिघडली की लघवीत उतरतं. लघवीतलं अल्ब्युमिन एरवी क्रिएटिनिनच्या प्रमाणात सांगतात. इथे भाजकच फुगलेला, त्यामुळे गुणोत्तर मुळापेक्षा चांगलं दिसणार. म्हणून थेट चोवीस तासांचं अल्ब्युमिन मोजलं: १४ मिलिग्रॅम, म्हणजे ३० च्या मर्यादेच्या बरंच आत. एसजीओटी आणि सीपीके ही स्नायूंतही असणारी एन्झाइमं रक्तात वाढलेली होती, ती मैदानामुळे. यकृताची नवी भीती उभी राहायच्या आत तेवढं वडिलांना सांगून टाकलं.

सहा आठवड्यांनंतर

पावडर पूर्ण बंद, गोळ्या बंद. वजन ७४.५ वर आलं. स्नायूत क्रिएटिनबरोबर पाणीही भरतं, ते उतरलं. पुन्हा तीच मोजणी, त्याच अटींवर.

रक्तातलं क्रिएटिनिन १.१२. सिस्टॅटिन-सी ०.८३, म्हणजे होतं तिथेच. लघवीत दिवसाला क्रिएटिनिन २.०५ ग्रॅम. न बदललेलं क्रिएटिन ५० मिलिग्रॅमच्या आत.

क्लिअरन्स काढला. पावडर चालू असताना मिनिटाला १३० मिलिलिटर, बंद असताना १२७. हा फरक चोवीस तासांच्या कॅनच्या नेहमीच्या चुकीतच मावतो. मोरी दोन्ही वेळा तेवढीच उघडी होती. बदललं ते उत्पादन: २.०५ चं २.५५. या अर्ध्या ग्रॅममधला ०.१ बाटलीतून आलेला धरला तर उरलेला ०.४ स्नायूंच्या वाढलेल्या साठ्याचा, म्हणजे वीस टक्के. स्नायूत साठा जेवढा वाढू शकतो म्हणून ऐकून होतो, सुई न टोचता लघवीतून तोच आकडा निघाला. (क्लिअरन्स सिस्टॅटिनच्या ११७ पेक्षा थोडा जास्त आहे, कारण क्रिएटिनिन गाळलं जातंच, शिवाय मूत्रपिंडातल्या नलिकांतून थोडं लघवीत सोडलंही जातं. ते अपेक्षित आहे.)

स्नायू भरीव असल्यानं त्याचं मूळचं १.१२ हेही पुस्तकी सरासरीपेक्षा किंचित वरचं आहे. त्याच्यासाठी तेच नॉर्मल, म्हणून ते फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. पुढे कधी तपासणी झाली तर तुलना त्याच्याशी व्हावी.

मूत्रपिंडतज्ज्ञांनी पावडरवर बंदी घातली नाही. घ्यायचीच असेल तर दिवसाला ३ ग्रॅम, साध्या पाण्यात, कालवली की लगेच प्यायची. हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं की रोज ३ ग्रॅम चार आठवडे घेतलं तरी स्नायूतला साठा वीस ग्रॅमच्या आठवड्याइतकाच भरतो. वीस ग्रॅमच्या सुरुवातीची घाई ज्याची त्याला. डबा विकणाऱ्याला ती नक्कीच सोयीची. पायाच्या नळीच्या दुखण्यासाठी गोळीऐवजी विश्रांती, बूट बदलणं आणि मुरमाड रस्त्यावर पळणं थांबवणं. हे शेवटचं त्यानं किती पाळलं माहीत नाही.

आमच्या पावतीवर आता तीन ओळी वाढल्या आहेत: कुठली पावडर, शेवटचं मांस कधी, कुठली दुखायची गोळी. रक्त घेणारी मुलगी त्या भरल्याशिवाय सुई उघडत नाही. पेशंट वैतागतात.

गोष्ट जिममध्ये पसरली आणि त्याच्या ओळखीचे आणखी दोघं आले. "आमचंबी पावडरीनंच वाढलंय, लिहून द्या." त्यांना एवढी लांबलचक मोजणी लागणार नव्हती. रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन आणि सिस्टॅटिन-सी एवढ्यावर भागणार होतं. पहिल्याचं सगळं ठीक निघालं. दुसरा सव्वीस वर्षांचा, पावडर वर्षभर, क्रिएटिनिन १.४१. म्हणजे ज्या १.६६ वरून एवढं रामायण झालं त्याच्यापेक्षा बरंच कमी. पण रक्तदाब १५०/९६, लघवीत अल्ब्युमिन भरपूर आणि सिस्टॅटिन-सी १.३८, त्यावरून ईजीएफआर ५८. विचारल्यावर आठवलं, लहानपणी एकदा तोंड आणि पाय सुजले होते, गावातल्या दवाखान्यात दाखवलं आणि सूज उतरल्यावर पुन्हा कुणी बघितलं नाही. त्याला लिहून काही दिलं नाही. त्याच दिवशी मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन लावून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.